ओटी

आमच्या घरात ‘ओटी’ या शब्दाला तीन अर्थ होते. आई हळदीकुंकवाला जाऊन आणायची ती एक ओटी. बाबांना महिन्यातून दोन-तीनदा लागोपाठ दुसरी पाळी करावी लागायची ती दुसरी, म्हणजे ओव्हरटाइम. माझ्या क्लासची फी आणि गणपतीत गावी जायची तिकिटं तिच्यावर ठरायची. तिसरी ओटी बाबांच्या डब्याच्या पिशवीला, चपलांना, घड्याळाच्या पट्ट्याला चिकटून घरी यायची. तिचं पूर्ण नाव ऑर्थो-टोल्युइडिन. डोंबिवली एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात बाबांनी बावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली, तिथं एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नव्हता. लॉगशीटवर ओटी, फोनवर ओटी, कॅंटीनमध्ये ओटी. तिची बहीण पीटी, म्हणजे पॅरा-टोल्युइडिन. या दोघी ज्यांच्यापासून होतात ते ओएनटी आणि पीएनटी. मी चौथीत असताना ही नावं मला शेजारच्या मुलांच्या नावांसारखी माहीत होती.

आता मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. बेंझीनचं प्रकरण आलं की पोरं कंटाळतात. षटकोन काढायचा, कोपऱ्यावर काहीतरी लटकवायचं, बाण काढायचे, ‘ऑर्थो-पॅरा डायरेक्टिंग’ की ‘मेटा डायरेक्टिंग’ ते पाठ करायचं, दोन मार्क घ्यायचे. मला हे प्रकरण कधीच कंटाळवाणं वाटलं नाही. त्यातलं मटेरियल आमच्या बाथरूममधल्या बादलीत भिजत असायचं.

थोडं केमिस्ट्रीचं सांगते. पळून जाऊ नका.

फॅरेडेनं १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या उरलेल्या तेलकट गाळातून बेंझीन वेगळं काढलं. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. एवढे कमी हायड्रोजन असलेला रेणू खरं तर हावरट असायला हवा, जे मिळेल ते अंगाला चिकटवून घेणारा. एथिलीनमध्ये ब्रोमीनचं तांबडं पाणी टाकलं की रंग लगेच उडतो. बेंझीनमध्ये टाकलं तर काही होत नाही. कारण त्याचे सहा इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, ते सगळ्या कड्याभर पसरलेले आहेत. सहाच्या सहा बंध सारख्या लांबीचे, १३९ पिकोमीटर. या सामाईक ठेवीमुळे कडं स्थिर असतं, आणि ती ठेव मोडायला ते तयार होत नाही. म्हणून बेंझीन काही जोडून घेत नाही, फक्त अदलाबदल करतं. एक हायड्रोजन देतं, त्या जागी दुसरं काही घेतं, आणि कडं पुन्हा पहिल्यासारखं अखंड. वर्तणूक म्हणाल तर जुन्या एकत्र कुटुंबासारखी: सून येईल, मुलगी जाईल, पण वाटणी होणार नाही.

आता कड्यावर आधीच कुणी बसलेलं असेल तर नवा येणारा कुठे बसणार, हा खरा प्रश्न. सहा जण गोल करून पत्ते खेळतायत असं समजा. तुमच्या दोन्ही बाजूंचे दोघे म्हणजे ऑर्थो. त्यांच्या पलीकडचे दोघे मेटा. बरोब्बर समोरचा एकटा पॅरा. बेंझीनवर मिथाइल हा छोटा गट बसला की त्याचं टोल्युइन होतं. मिथाइल स्वभावाने दानी, तो इलेक्ट्रॉन कड्याकडे ढकलतो, आणि त्या ढकलण्याचा फायदा मुख्यतः ऑर्थो आणि पॅरा जागांना मिळतो. त्यामुळे टोल्युइनचं नायट्रेशन बेंझीनपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने होतं. पण एकदा नायट्रो गट येऊन बसला की चित्र पालटतं. नायट्रो खेचणारा. तो कड्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, कडं थंडावतं, आणि दुसरा नायट्रो बसवायचा तर जास्त तापमान आणि जास्त कडक ॲसिड लागतं. तिसऱ्यासाठी त्याहून जास्त. तिसरा बसला की त्याला टीएनटी म्हणतात, ते बहुतेकांना सिनेमातून माहीत असतं.

टोल्युइनवर एकच नायट्रो बसवला तर शंभरातले जवळपास साठ रेणू ऑर्थो होतात, छत्तीस-सदतीस पॅरा, आणि उरलेले तीन-चार मेटा. परीक्षेत हे आकडे लिहिले की काम झालं. कारखान्यात मात्र याचा अर्थ असा, की तुम्हाला ऑर्थो हवा असो वा नसो, तो साठ टक्के येणारच. गिऱ्हाईक पॅरा मागतंय म्हणून कडं काही ऐकत नाही. पॅरा थंड केला की गोठतो, ऑर्थो पातळच राहतो, म्हणून दोघांना वेगळं करता येतं. मग त्यांच्यातला नायट्रो काढून अमिनो करायचा. बाबांच्या कारखान्यात हे जुन्या पद्धतीने चालायचं: लोखंडाचा कीस, थोडं ॲसिड, वाफ. खाली काळा-तांबडा गाळ उरायचा आणि वर यायची ओटी. ताजी असते तेव्हा फिक्कट पिवळी. हवा लागली की लालसर, मग तपकिरी. बाबांच्या बनियनवरचे डाग तसेच असायचे. आई त्यांना चहाचे डाग म्हणायची. खरं काय ते दोघांनाही माहीत होतं.

डोंबिवलीकरांना या रंगांचं नवल नाही. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि तो बघायला मुख्यमंत्री आले. लोक मीम करत होते. रंगाचं काम करणाऱ्या गावात रस्त्याला रंग लागला यात विनोद काय, ते बाबांना कळेना.

तसं बघितलं तर या रंगाच्या धंद्याची सुरुवातच ओटीच्या कृपेनं झाली. १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन ॲनिलिनपासून क्विनीन करायला बसला. क्विनीन झालं नाही, भांड्याच्या बुडाशी काळा गाळ झाला, आणि त्यातून जांभळा रंग निघाला. पुस्तकं इथे थांबतात. पण त्याचं ॲनिलिन शुद्ध नव्हतं. ज्या बेंझीनपासून ते केलं त्यात टोल्युइन होतं, म्हणून ॲनिलिनमध्ये ऑर्थो आणि पॅरा टोल्युइडिन मिसळलेलं होतं. अगदी शुद्ध ॲनिलिन घेतलं असतं तर तो जांभळा रंग झालाच नसता. त्या रेणूला टोल्युइडिन लागतंच.

बाबांच्या कारखान्यातली एक गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलीय की ती मला पाहिल्यासारखी वाटते. रात्रपाळीला एका हेल्परच्या बुटात ड्रम भरताना माल सांडला. त्याने बूट काढून पाय पुसला, तेच बूट घालून पाळी पूर्ण केली. पहाटे चहाला बसला तेव्हा त्याचे ओठ निळे. दुसऱ्यांना वाटलं थंडी वाजतेय. मग नखं निळी. हॉस्पिटलात रक्त काढलं तर ते चॉकलेटसारखं तपकिरी.

असं का होतं, ते मी एम.एस्सी.ला आल्यावर बाबांना समजावलं. ही द्रव्यं कातडीतून सरळ आत जातात. आत गेली की त्यांच्यापासून शरीरात जे तयार होतं ते हिमोग्लोबिनमधल्या लोखंडाला ऑक्सिडाइज करतं, आणि तसं लोखंड ऑक्सिजन वाहून नेत नाही. माणूस श्वास घेतोय, हवा भरपूर आहे, आणि आत गुदमरतोय. त्यावर उतारा म्हणून शिरेतून मिथिलीन ब्लू देतात. निळ्या पडलेल्या माणसाला निळा रंग टोचतात. त्या हेल्परला तेच दिलं आणि तो बरा झाला. दोन दिवस त्याची लघवी हिरवी-निळी होत होती, आणि सगळी पाळी ती बघायला आळीपाळीने संडासात जात होती, असं बाबा हसत सांगतात. मिथिलीन ब्लू हाही मुळात कापडाचा रंग. हाइनरिख कारो या जर्मन केमिस्टने तो १८७६ मध्ये केला, याच ॲनिलिनच्या घराण्यातून. हे सांगितल्यावर बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे विष पण त्यांचं नि औषध पण त्यांचंच.”

बाबांना निळेपणा कधी आला नाही. त्यांना जे आलं ते सावकाश आलं.

कारखाना २०११ मध्ये बंद पडला. २०१९ च्या पावसाळ्यात बाबांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखत नव्हतं काहीच. त्यांनी आदल्या रात्रीच्या बीटाच्या कोशिंबिरीवर ढकललं. आठवड्यानं पुन्हा गेलं, तेव्हा कोशिंबीर नव्हती. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीवर एक गाठ दिसली. दुर्बीण घालून ती खरवडून काढली. रिपोर्टमध्ये कॅन्सर, पण वरवरचा, स्नायूत न शिरलेला.

ज्या हॉस्पिटलात आम्ही होतो तिथं केसपेपरवर डॉक्टरांनी विचारलं, “काका, तंबाखू, सिगारेट?”

“बिडी होती. दहा वर्षं झाली सोडून.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. ‘व्यवसाय’ या रकान्यात आधीच कुणीतरी ‘निवृत्त’ असं लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, “ते बावीस वर्षं टोल्युइडिनच्या प्लांटला होते.” डॉक्टर म्हणाले, “हो, पण स्मोकिंग हे मेन कारण असतं.” ते खोटं बोलत नव्हते. या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच आहे. पण मला राग आला तो त्या ‘निवृत्त’चा. माणूस कशातून निवृत्त झाला हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला काय अर्थ आहे?

फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जननं हा प्रश्न १८९५ मध्ये विचारला होता. त्याच्याकडे मूत्राशयाच्या गाठी घेऊन आलेले कामगार एकाच प्रकारच्या कामावरचे निघाले. फुक्सिन हा किरमिजी रंग ते बनवायचे. फुक्सिन होतं ॲनिलिन आणि टोल्युइडिनपासून. पुढे बेंझिडीन, नॅफ्थिलअमाइन ही नावं एकेक करून सिद्ध झाली. ओटीच्या बाबतीत ठोस पुरावा यायला बराच उशीर लागला. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या एका रबर-रसायनांच्या कारखान्यातल्या कामगारांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा बाबा इथं ड्रम भरत होते. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ऑर्थो-टोल्युइडिन पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे नक्की. पीटीचं नाव त्या गटात नाही. मिथाइल शेजारी आहे की समोर, एवढाच दोघींत फरक.

आणि रसायन म्हणून बघितलं तर हे सगळं विलक्षण आहे, हे म्हणताना मला अपराधी वाटत नाही. फळ्यावर मी शिकवते की अमिनो गट हा कड्याचा अतिशय उदार पाहुणा. इतके इलेक्ट्रॉन ओततो की कडं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या भुकेल्या रेणूला चटकन हात देतं. आवर घालायला त्याच्यावर असेटिलचं झाकण बसवावं लागतं. प्रॅक्टिकलला तुम्ही असेटानिलाइड केलं असेल, ते चकचकीत पांढरे पापुद्रे. झाकण न बसवता ॲनिलिनचं सरळ नायट्रेशन केलं तर ॲसिडमध्ये अमिनोवर एक प्रोटॉन चढतो आणि हाच दानशूर गट एकदम ओढणारा होतो. मग सत्तेचाळीस टक्के माल मेटा जागी जातो. पोरांना हा प्रश्न हमखास चुकतो. स्वभाव बदलत नाही असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

शरीरात याहून मोठी उलथापालथ होते. यकृत अमिनोच्या नायट्रोजनवर ऑक्सिजन बसवतं. रक्तातून ते मूत्राशयात येतं. तिथं लघवी आम्लधर्मी आणि तासन्‌तास साठलेली. तिथं तो ऑक्सिजन निघून जातो, आणि मागे उरतो इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेला नायट्रोजन. आयुष्यभर इलेक्ट्रॉन वाटणारा गट आता मागायला निघतो, आणि जवळ सापडतं ते पेशीतलं डीएनए. आठ तासांच्या पाळीत मुतायला जायची सवड मिळायची नाही, असं बाबा नेहमी सांगायचे. ते वाक्य आता मला वेगळं ऐकू येतं.

टोल्युइनवर असताना हाच मिथाइल माणसाला बऱ्यापैकी वाचवतो. यकृत आधी त्या मिथाइललाच धरतं, त्याचं बेंझोइक ॲसिड करतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि लघवीतून बाहेर घालवतं. बेंझीनला धरायला असा हातच नाही, म्हणून यकृताला थेट कड्यावर हल्ला करावा लागतो. त्यातून जे निघतं ते हाडातल्या मगजापर्यंत पोचतं आणि ल्युकेमिया होतो. म्हणून आपल्या पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. फळ्यावर दोघांत फक्त एका कार्बनचा फरक असतो.

बाबांच्या उपचारात सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, मूत्राशयात बीसीजी सोडायचं होतं. हो, तेच. लहानपणी दंडावर देतात ते क्षयाचं. जिवंत जंतू बघून शरीराचे सैनिक चवताळतात आणि उरल्यासुरल्या वाईट पेशीही मारतात. दोन तास लघवी धरून ठेवायची, मग जळजळ. “ओटीपोटात मिरची लावल्यागत,” बाबा म्हणायचे. आई बाहेर बाकावर बसून असायची.

त्या आठवड्यांत मी कायदा वाचला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला तिसरं परिशिष्ट होतं, त्यात व्यवसायजन्य आजारांची यादी होती. तिच्यात ‘बेंझीन व त्याच्या होमोलॉग्सच्या नायट्रो आणि अमिडो विषारी डेरिव्हेटिव्हमुळे होणारे आजार’ अशी एक ओळ होती. माझ्या बारावीच्या पुस्तकातलं वाक्य कायद्याच्या पुस्तकात! मी ते फोनवर बाबांना वाचून दाखवलं. टोल्युइन हा बेंझीनचा होमोलॉग. नायट्रो म्हणजे ओएनटी. अमिडो म्हणजे, आजच्या भाषेत अमिनो, ओटी. कुणीतरी बाबांच्या दोन्ही खात्यांची नावं लिहून ठेवली होती.

वकिलांनी शांतपणे समजावलं. आजार नोकरीत असताना झाला तर गोष्ट सोपी. नोकरी सुटल्यावर दिसला तर तो कामामुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि हा कॅन्सर तर दोन-दोन, तीन-तीन दशकांनी डोकं वर काढतो. हवेत किती ओटी होती याची नोंद? नाही. दरवर्षीच्या तपासणीत वजन, बीपी, छातीचा फोटो, लघवीतली साखर. त्याच लघवीत दुसरं काही शोधावं असं कुणाला वाटलं नाही. कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. आणि समोरचा वकील पहिलाच प्रश्न बिडीचा विचारेल.

बिडीचं मी शोधलं. तंबाखूच्या धुरात जे हजारो पदार्थ असतात त्यांत ऑर्थो-टोल्युइडिनही असतं. म्हणजे बिडी की कारखाना, या भांडणात दोन्हीकडे एकच रेणू उभा आहे.

मला तरी अर्ज करायचा होता. बाबांना नको होता. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. “कुणावर करतेस केस? ती जागा पण ऱ्हायली नाय,” ते म्हणाले. मी म्हटलं पैशासाठी नाही, नोंदीसाठी. त्यावर ते चिडले. “बाय, त्या ओटीवर तुझं एम.एस्सी. झालंय.” कुठली ओटी ते मी विचारलं नाही. दोन्ही खरं होतं. अर्ज राहिला. त्यांच्या खात्यातल्या अजून दोघांचं असंच निदान झाल्याचं नंतर कळलं, तेव्हा बाबांनी स्वतःहून त्यांचे नंबर मला आणून दिले. त्या तिघांच्या पाळ्या, वर्षं, कुठलं काम, हे मी एका वहीत लिहून काढलंय. लॉगशीट त्यांना माझ्यापेक्षा चांगली भरता येते, म्हणून रकाने त्यांनीच आखले.

दर वर्षी एकदा दुर्बीण घालून बघावं लागतं. गेल्या खेपेला एक नवीन रेसिडेंट मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती.

“काका, तुम्ही काम काय करायचात?”

“ओटीला होतो.”

तिनं कौतुकानं वर बघितलं. “अरे वा! कुठल्या हॉस्पिटलला?”

मी तोंड उघडणार तोवर बाबांनी मला हातानं थांबवलं. “ती ओटी नाय, डॉक्टर. ऑर्थो-टोल्युइडिन. लिवून घ्या.”

तिची बोटं कीबोर्डवर थांबली. स्पेलिंग विचारू की नको असा चेहरा झाला. बाबा मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, डोळे मिटले आणि ड्रमवरचं लेबल वाचावं तसं एकेक अक्षर सांगायला लागले. “ओ. आर. टी. एच. ओ. मग आडवी रेघ. मग टी…”